एकेचाळीस आवाज आणि एक व्याख्या

शनिवार, ३१ जानेवारी

डायरी मराठीत लिहायला घेतलीय, कारण मला आजपासून मराठीत विचार करायची प्रॅक्टिस हवीय. शाळा पूर्ण इंग्लिश मीडियम, मराठी फक्त मार्कांपुरतं. आणि आज गटाच्या मीटिंगमध्ये मी हात वर करून बसले: ओपन सोर्स एआय कशाला म्हणायचं, त्याची व्याख्या मी लिहिणार. मराठीत. आता भोगा.

झालं असं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही एकोणीस जण पंधरा दिवसांनी एकदा सकाळी जमतो. प्रत्येकाने काही ना काही बनवलेलं असतं. त्यातलं जे ओपन, ते आमच्या ऑनलाइन भांडारात जातं. तिथून कोणीही घ्या, उघडून बघा, बदला, वापरा. आज एका कंपनीचं भाषांतर करणारं मॉडेल भांडारात घ्यायचं का यावरून ठिणगी पडली. कंपनी म्हणते, आमचं ओपन आहे. दिलंय काय, तर फक्त तयार मॉडेल. ते शिकवायला कुठला मजकूर वापरला, कुठून आणला, याचा पत्ता नाही.

टोपी उठला. (बाराही महिने तीच निळी टोपी, म्हणून टोपी.) "कोट शिवून दिला आणि म्हणे घ्या, ओपन कोट! अरे, मापं काढलेला बेताचा कागद कुठाय? कापड कुठून आणलंस?"

दादा म्हणाला, "कोट अंगाला बसतो ना? उसवून परत शिवता येतो ना? मग गिरणीत कशाला जायचंय तुला?" दादा (माझा सख्खा नाही, सगळ्या गटाचाच) वीज कंपनीत इंजिनिअर आहे, गट त्यानेच सुरू केला, आणि तो आवाज कधीच चढवत नाही. त्यामुळे जास्त राग येतो.

"कारण कापडात काय मिसळलंय ते गिरणीतच कळतं!"

हे मी बोलले. जरा जास्तच जोरात. सगळे वळून बघायला लागले.

"बरं," दादा म्हणाला, "मग तूच लिही मसुदा. मीही एक लिहितो. अठ्ठावीस तारखेला मतदान."

आमच्या गटाचा एक जुना नियम आहे. जो मसुदा लिहितो, त्याने तो आधी स्वतःच्या कामाला लावून दाखवायचा, सगळ्यांसमोर. दुसऱ्याच्या अंगावर मापं घ्यायची नाहीत. दादा हसत म्हणाला, "तुझं 'कान' बसतंय का बघ आधी."

बसतंय का म्हणजे? हे काय विचारणं झालं!

रविवार, १ फेब्रुवारी

'कान'बद्दल लिहून ठेवते. म्हातारपणी वाचेन.

बाबा फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. सव्वीस वर्षं. लाकडी पेटीवर उभे राहिले की शेवटच्या गाळ्यापर्यंत आवाज जायचा, माइक नाही, काही नाही. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात थोडा परत आला. बोलणं तुकड्यातुकड्यांत येतं, एक शब्द, मग मोठी गॅप, मग भलताच शब्द. फोनमधल्या नेहमीच्या ॲपला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मी 'कान' बनवलं. अशा पेशंटचं बिघडलेलं बोलणं ऐकून ते स्क्रीनवर नीट वाक्य दाखवतं. दहातली सात वाक्यं बरोबर येतात!

ते शिकवायला आवाज लागले. ते स्पीचताईंच्या क्लिनिकमधून मिळाले. ताई बोलण्याचे उपचार करतात, बाबाही त्यांच्याचकडे जातात. एकेचाळीस पेशंट, सगळ्यांची आठ महिन्यांची रेकॉर्डिंग. त्यातले एक बाबा.

तर मॉडेल माझं, कोड माझा, डेटा माझ्या हार्ड डिस्कवर. माझ्यापेक्षा ओपन कोण असणार? सगळं टाकून द्यायचं भांडारात, की झालं.

जेवताना हे सगळं घरी सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

आईने वरण वाढलं.  माझा फोन टेबलावर होता, 'कान' चालू होतं, पण त्याला काही कामच पडलं नाही. हल्ली जेवताना बाबा बोलतच नाहीत. दमतात बहुतेक.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मसुदा, पहिली ओळ: "ज्या एआयचा कोड, मॉडेल आणि शिकवण्याचा सगळा डेटा कोणालाही मिळतो, तपासता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो, त्यालाच ओपन सोर्स म्हणावं."

'त्यालाच' मधला 'च' माझा फेवरिट.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मधले दिवस ऑफिसने खाल्ले. आज मीटिंग, आणि काय मीटिंग!

दादाने आपला मसुदा वाचला. मॉडेल द्या, कोड द्या, आणि डेटा कुठला, कसा निवडला याची नीट माहिती द्या. डेटा स्वतः दिलाच पाहिजे असं नाही. मग मी माझा वाचला.

"छान आहे," दादा म्हणाला. "कडक आहे. आता मला सांग, दवाखान्यात कोणी काही बनवलं तर तो पेशंटचे कागद चव्हाट्यावर टाकणार का? शाळेत कोणी बनवलं तर मुलांच्या वह्या टाकेल? नाही टाकणार. म्हणजे ते ओपन नाही. मग तुझ्या मोजपट्टीत बसणार कोण? ज्याने इंटरनेटवरून फुकटात ओरबाडलं, तो!"

टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "माहिती म्हणजे काय, दादा? 'आम्ही चांगला डेटा वापरला हो', एवढं लिहिलं की माहिती झाली? उद्या मॉडेल चुकलं तर का चुकलं हे शोधायचं कुठे? त्या माहितीपत्रकात?"

त्यालाही टाळ्या पडल्या. टोपीने शिटीच वाजवली.

मग स्पीचताई उभ्या राहिल्या. त्यांना मी पाहुण्या म्हणून बोलावलं होतं, माझ्या बाजूने बोलतील या हिशोबाने. त्या म्हणाल्या, "मला तुमच्या व्याख्येतलं काही कळत नाही. पण त्या एकेचाळीस जणांनी सही केलीय ती 'कान' शिकवण्यासाठी. आवाज जगाला देण्यासाठी नाही."



"मग परत विचारू," मी म्हटलं. "एकेचाळीसच तर आहेत!"

"विचारू. पण मी बरोबर असेन. मला तेवीस तारखेपासून वेळ आहे, तेव्हा बसू."

तेवीस म्हणजे अगदी मतदानाच्या तोंडावर. बघते.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

थांबले नाही. ताई आतल्या खोलीत पेशंट बघत असतात आणि बाहेर बाकांवर माणसं तासतासभर बसलेली असतात. मी ऑफिसला अर्धी अर्धी सुट्टी टाकली आणि फॉर्म घेऊन बाहेरच बसले. चार दिवसांत चौतीस होकार! चौतीस!

लोक किती चांगले असतात. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत. मी विचारलं, "काका, तुमचा आवाज सगळ्यांसाठी खुला केला तर चालेल?" ते म्हणाले, "हो." मी म्हटलं, "कोणीही ऐकू शकेल हं, कुठेही." "हो, हो." माझा हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिले. त्यांचा अंगठा घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्याही आलं.

शाळेच्या एक रिटायर्ड मुख्याध्यापिका मात्र फॉर्म बघून मान हलवत राहिल्या. इकडून तिकडे. ठीक आहे, पुढच्या वेळी पटवेन. आणखी पाच जण या आठवड्यात आलेच नाहीत.

घरी येऊन यादी पूर्ण करताना शेवटच्या नावापुढे मीच टिक केली. बाबा. घरच्याच माणसाला फॉर्म कसला द्यायचा. म्हणजे पस्तीस.

बाबाही या आठवड्यात क्लिनिकला गेले नाहीत. आई म्हणते गुडघा दुखतोय.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज चांगलीच कानउघाडणी झाली. जसंच्या तसं लिहिते, नाहीतर मी ते माझ्या सोयीने विसरेन.

ऑफिसनंतर ताईंना यादी दाखवायला गेले, अगदी विजयी चेहऱ्याने. त्यांनी चष्मा लावला, यादी वाचली आणि बाहेर जाऊन घड्याळवाल्या काकांना आत घेऊन आल्या. ते उपचारासाठी आलेलेच होते.

"काका, तुम्ही घड्याळं दुरुस्त करता ना?"

"हो."

"तुम्ही विमान चालवता ना?"

"हो."

"तुमचं वय नऊ वर्षं?"

"हो. हो." काका हसत होते. मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"सॉरी काका, हिला दाखवायचं होतं," ताई म्हणाल्या. ते बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "त्या माणसाजवळ दुसरा शब्दच उरलेला नाही. हो म्हणायचं असेल तरी हो, नाही म्हणायचं असेल तरी हो, तहान लागली तरी हो. तोंडाकडे बघावं लागतं, हाताकडे बघावं लागतं. तुला हे माहीत नव्हतं? आठ महिने त्यांचा आवाज तुझ्याकडे आहे!"

माझ्याकडे त्यांच्या दोनशे बारा फाइल आहेत. प्रत्येक फाइलमध्ये 'हो'. मला वाटलं होतं, हो-नाहीचा व्यायाम चाललाय.

मी म्हटलं, "मग काका सोडून बाकीचे तेहतीस तर..."

"चौतीसमधले किती खरे आहेत ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. ही माणसं सकाळपासून डोकं पिळून एक-एक शब्द काढतात. त्यात तू, बाबांची मुलगी, गोड हसून फॉर्म पुढे करतेस. कोण तुला नाही म्हणेल?" त्यांनी यादीवर शेवटी बोट ठेवलं. "आणि हा पस्तिसावा? याला कधी विचारलंस?"

"बाबा घरचेच आहेत."

"त्यांच्या फाइल ऐकल्यास?"

"मॉडेलने ऐकल्यात."

तोंडातून निघून गेलं.  त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं, ते रागावण्याहून वाईट होतं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज मीटिंग नाही. सकाळी आई-बाबा देवळाच्या पायऱ्यांपर्यंत फिरायला गेले (गुडघा ठीक दिसतोय), तेव्हा हेडफोन लावून बसले.

बाबांच्या तीनशे नऊ फाइल. नव्वद ऐकल्या.

एकशे अठ्ठ्याहत्तर नंबरची. ताई एक चित्र दाखवतायत, त्यांच्या बोलण्यावरून कळतं, फळांच्या पेटीचं. आणि अचानक बाबा! अख्खे बाबा! "एकवार! दोनवार! तीनवार!" तो आवाज, शेवटच्या गाळ्यापर्यंत जाणारा. मी खुर्चीत दचकले. ताई म्हणतात, "वा! आता सांगा, पेटीत काय आहे?" बाबा म्हणतात, "स..." मग "स... स..." मग काहीच नाही. चाळीस सेकंद काहीच नाही. फक्त श्वास. मग अगदी स्वच्छ एक शब्द: "बंद."

ताई विचारतात, "रेकॉर्डिंग बंद करू?" आणि फाइल संपते.

मी माझ्या ट्रेनिंगची यादी उघडून बघितली. ते चाळीस सेकंद माझ्या प्रोग्रामने कचरा म्हणून कापून टाकले होते. मीच तसा लिहिलाय. आणि 'बंद' हा शब्द उच्चाराला स्पष्ट म्हणून 'उत्तम नमुने' या फोल्डरमध्ये गेला होता. 'कान'ला तो आज शंभर टक्के ओळखता येतो.

ते दोघं परत आले तेव्हा मी भांडी घासत होते. आईने विचारलं, "बरं नाहीये का?"

रविवार, २२ फेब्रुवारी

बाबांसमोर फॉर्म ठेवला. पेन ठेवलं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आले, हे मला आपोआप सुचलं.

"बाबा, हे भांडारात टाकलं की कोणीही ऐकू शकेल. ओळखीचा, अनोळखी, कोणीही. परत काढून घेता येणार नाही. तुमचं काय म्हणणं?"

ते वाचत राहिले. डाव्या हाताचं बोट ओळीखालून सरकवत. आई मध्ये बोलणार होती, त्यांनी तिला हाताने थांबवलं.

"बाजार," ते म्हणाले. मग बराच वेळ. "ऐकेल."

"बाजारातले लोक ऐकतील?"

मान हलवली. हो.

आईने मग सांगितलं, मला हे माहीतच नव्हतं. बाजारातले लोक दोनदा भेटायला आले होते, मी ऑफिसला असताना. दोन्ही वेळेला बाबा आतल्या खोलीत जाऊन झोपेचं सोंग घेऊन पडले. आणि जेवताना तुझा तो फोन असतो ना समोर, आई म्हणाली, तेव्हा ते गप्प बसतात. तुला वाटतं दमतात.

"मग मला सांगायचं ना कोणीतरी!"

"किती खूश होतीस गं तू," आई म्हणाली.

बाबांनी टेबलावर टिचकी मारली. "इथे," म्हणाले आणि बोट फोन असलेल्या खोलीकडे. "हो." मग खिडकीबाहेर. "तिथे." मान इकडून तिकडे. तो शब्द त्यांना आला नाही, पण मला कळलं. आणि 'कान' नसताना कळलं.

फॉर्मवर 'नाही'च्या चौकोनात त्यांनी डाव्या हाताने फुली मारली. रेष चौकोनाबाहेर गेली.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सोमवारपासून ताई आणि मी परत सगळ्यांना विचारतोय. आता ताईंच्या पद्धतीने. दोन कार्डं, एकावर उघडं दार, एकावर बंद. आधी प्रश्न सरळ विचारायचा, दहा मिनिटांनी उलटा विचारायचा, दोन्ही वेळेला उत्तर जुळलं तरच धरायचं. घड्याळवाल्या काकांनी दोन्ही वेळेला बंद दार उचललं आणि तोंडाने "हो, हो" म्हणाले. मुख्याध्यापिका बाईंनी मात्र उघडं दार उचललं, दोन्ही वेळेला! त्या दिवशी त्यांची मान नुसतीच हलत होती, तोही त्यांचा आजारच. मी पटवायला निघाले होते.

संध्याकाळी दादाचा फोन.

"ऐकलं मी. आता माझ्या मसुद्याला मत दे. तुझं 'कान' त्यात व्यवस्थित बसतं. खरं सांगू, ते वाक्य मी तुझ्यासारख्यांसाठीच घातलंय. आणि दुसऱ्या गावचं ते बोलण्याच्या उपचारांचं केंद्र तुझं 'कान' मागतंय ना? ते फक्त भांडारातलं घेतात."

फोन ठेवला तेव्हा अगदी हलकं वाटलं. बाबांचा आवाज घरात, 'कान' भांडारात, सगळे खूश. टोपीला मेसेज केला. त्याचा लगेच फोन.

"वा, मॅडम मसुदा! पलटी?"

"पलटी नाही. दादाचं बरोबर आहे. काही डेटा देता येतच नाही."

"मान्य. मग एक काम कर. त्या कंपनीचं पान उघड, परवा नवीन टाकलंय त्यांनी."

उघडलं. सुंदर पान. डेटाबद्दल दोन परिच्छेद: विविध सार्वजनिक स्रोत, काळजीपूर्वक निवड, गुणवत्तेची खात्री. दादाच्या मसुद्याला लावून बघितलं. कोड आहे, मॉडेल आहे, माहिती आहे. बसतं. चपखल बसतं.

म्हणजे ज्या दारातून बाबांना सांभाळून मी आत जाणार, त्याच दारातून तेही जाणार. बाहेरून बघणाऱ्याला आमच्यात फरक काय दिसणार? दोघांच्याही पानावर लिहिलेलं असेल, विश्वास ठेवा.

दोन तास फेऱ्या मारल्या. बाबा बघत होते. मला वाटतं मी सोडवलंय.

शनिवार, २८ फेब्रुवारी

हॉल भरलेला. मी पुढे गेले, नियमाप्रमाणे.

"माझा मसुदा तोच आहे. एक शब्द बदललेला नाही. आता तो माझ्या कामाला लावते. 'कान': कोड आहे. मॉडेल आहे. डेटा: एकेचाळीस आवाज. सतरा जणांनी खुला करायला हो म्हटलं. पंधरा जणांनी नाही. नऊ जणांचं काय म्हणणं आहे ते आम्हाला अजून कळलेलं नाही, म्हणून ते नाहीतच धरलेत. त्यामुळे 'कान' ओपन सोर्स नाही."

 दादा म्हणाला, "म्हणजे मोजपट्टी चुकलीय."

"नाही दादा. मोजपट्टी बरोबर आहे. 'कान' चांगलं आहे आणि ओपन नाही. दोन्ही एकदम असू शकतं. ओपन नाही म्हणजे वाईट असं कोण म्हणतं? घराला दार असतं, म्हणून आपण घराला चोर म्हणत नाही!"

"आणि ते केंद्र? तिथल्या माणसांना काय सांगशील? तुझ्या शुद्ध शब्दापायी थांबा?"

हे लागलं. याला माझ्याकडे टाळ्यांचं उत्तर नव्हतं. "मी त्यांना नुसतं मॉडेल स्वतः जाऊन देईन," मी म्हटलं. "करार करून, काय आहे आणि काय दाखवता येणार नाही ते तोंडावर सांगून. वेळ लागेल. पण 'ओपन' हा शिक्का बघितला की माणूस तपासायला जाऊ शकतो, एवढा तरी त्या शब्दाचा अर्थ राहू दे ना. ज्याला तपासता येत नाही त्याने तसं सांगावं. मी सांगितलं."

"तू स्वतःलाच बाहेर काढतेयस," दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"हो. माझ्याच मताने."

हात वर. मोजले. परत मोजले. दहा विरुद्ध नऊ.

निघताना दादा जिन्यात थांबला होता. "नऊ जण अजूनही म्हणतात तू चुकलीस."

"माहितीय. मला एकदोन रात्री वाटेलही तसं."

"पुढच्या वर्षी परत मांडणार मी."

"मांड. मी असेन."

मग त्याने बॅगेतून केंद्राचा नंबर काढून दिला. तिथल्या बाई त्याच्या ओळखीच्या आहेत म्हणे. "सांग, मी पाठवलंय."

रविवार, १ मार्च

सकाळी 'कान'चं नवीन पान लिहायला बसले. बाबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसले, बोलावलं नव्हतं.

लिहिलं: "ओपन सोर्स: नाही. कारण: आवाज देणाऱ्या निम्म्याहून जास्त जणांनी तो खुला करायला परवानगी दिलेली नाही. ज्या सतरा जणांनी दिली आहे, त्यांचे आवाज वेगळे ठेवले आहेत आणि कोणीही घेऊ शकतं. पूर्ण मॉडेल हवं असेल तर संपर्क करा." बाबांनी वाचलं. सतरा या आकड्यावर मान डोलावली. आकड्यांना ते पूर्वीपासून फार पक्के.

मग वरची ओळ, जी मी 'कान' सुरू करताना लिहिली होती आणि तेव्हापासून वाचलीच नव्हती: "पेशंटचं बिघडलेलं बोलणं समजणारं मॉडेल."

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. 'बिघडलेलं'वर. काढलंच नाही.

"मग काय लिहू?"

 मी 'अस्पष्ट' टाइप केलं. मान इकडून तिकडे. 'तुटक' टाइप केलं. बोट परत खाली आलं, जरा जोरात. आई चहा घेऊन आली आणि उभी राहिली. मी काहीच सुचवलं नाही, हे मला फार जड जातं. बाहेर कोणीतरी गाडी धुवत होतं. चहाला साय धरली.

"हळू," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. हळू हे टेक्निकली चूक आहे. वेग हा मुद्दाच नाही. घड्याळवाले काका तर भराभर बोलतात. हे सगळं माझ्या जिभेवर होतं.

"हळू," ते परत म्हणाले, माझ्याकडे बघत.

'पेशंटचं'ही खोडलं, ते मला माझं मलाच दिसलं. आता ओळ अशी आहे: "हळू बोलणाऱ्या माणसांचं बोलणं समजणारं मॉडेल."

बाबांनी ती तीनदा वाचली. मग चहावरची साय चमच्याने बाजूला काढून माझा कप माझ्याकडे सरकवला.